नव्या औषधाची वाट आणि कपाटातली अर्धवट पाकिटं

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात. यजमान ४६ वर्षांचे, त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. सहा वर्षांपासून त्यांना डिप्रेशनचा त्रास आहे. गेल्या दिवाळीपासून ते दुकानात जात नाहीत, पुतण्या दुकान बघतो. हे ओट्यावर बसून असतात. 'दोन औषधं झाली, दोन्ही फेल गेली,' असं ताई लिहितात. डॉक्टरांनी आता सांगितलंय की पुण्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात भाग घेता येईल, पण निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सासूबाई म्हणतात, 'माझ्या लेकाचा उंदीर करणार का?' न्यू जर्सीतले दीर व्हिडिओ पाठवतात: तिकडे नाकात मारायचा स्प्रे आलाय, काही तासांत माणूस उठून बसतो, तोवर थांबा. एका खाजगी दवाखान्यात केटामाइनचं इंजेक्शन देतात म्हणे, त्यासाठी पाटल्या गहाण ठेवायची ताईंची तयारी आहे. यजमान म्हणतात, 'तुम्ही ठरवाल ते.' आणि मधूनच म्हणतात, 'मी नसतो तर तुम्ही सुटला असता.' ताई विचारतात, चाचणीत घालू, स्प्रेची वाट पाहू, की इंजेक्शन देऊ?

ताई,

औषधांचं बोलण्याआधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलते. 'मी नसतो तर' हे वाक्य तुम्ही पत्रात ओझरतं लिहून पुढे गेलात. तुम्ही घाबरलात म्हणून तसं झालं असणार. पण आज संध्याकाळीच त्यांच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा, 'तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढून टाका. विचारल्याने माणूस बहुधा मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं, किंवा उत्तर टाळलं गेलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. तोवर त्यांना एकटं सोडू नका. 'टेलि-मानस'चा नंबर १४४१६ आहे. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता.

दुसरं, तुमचं दुकान. मागच्या खोलीत कीटकनाशकं असणार. त्या खोलीला कुलूप घाला आणि किल्ली पुतण्याच्या खिशात राहू दे, घरातल्या खिळ्यावर नको. शेतीवर जगणाऱ्या आपल्या गावांत या एका कुलपाने किती घरं वाचली असती, हे कुणाही तालुक्याच्या डॉक्टरला विचारा. घरातल्या गोळ्याही आठवड्यापुरत्याच बाहेर ठेवा. हे त्यांच्यापासून लपवून करायची गरज नाही. 'मला काळजी वाटते म्हणून करतेय' एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता औषधांकडे वळते.

मी औषधशास्त्र शिकवत होते आणि पुढे काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर होते. चाचणीला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारी ही समिती. तिथे बसून एक सवय लागली: कुणी 'औषध फेल गेलं' म्हटलं की आधी विचारायचं, किती डोस, किती दिवस, आणि खरंच घेतलं का? तुमच्याच पत्रात याची उत्तरं आहेत. सर्ट्रालिन तिसऱ्या आठवड्यात मळमळ होते म्हणून बंद केलं. एस्सिटालोप्रॅम पाच महिने चाललं, पण सुरुवातीचा छोटा डोस तसाच राहिला आणि जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत 'गोळ्या राहून जायच्या'. 'कपाटात चार पाकिटं अर्धवट पडली आहेत,' असंही तुम्ही लिहिलंय. ताई, ही पाकिटं बाहेर काढा आणि गोळ्या मोजा. शिल्लक गोळ्यांच्या आकड्यावरून डॉक्टरांना जे कळेल, ते तुमच्या पत्राच्या तीन पानांतूनही कळणार नाही.

या गोळ्यांना परिणाम दाखवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ, पोटाची गडबड, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतो. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. हे कुणी नीट सांगितलं नाही की माणूस त्रास सोसतो आणि गुण यायच्या आत गोळी सोडतो. पुरेसा डोस, तोही सहा-आठ आठवडे, अशी दोन औषधं घेऊनही उतार पडला नाही, तरच डॉक्टर त्याला 'उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन' म्हणतात. तुमचे यजमान कदाचित अजून तिथे पोहोचलेच नाहीत. मला ही चांगली बातमी वाटते.

याचा अर्थ जुन्या औषधांत सगळं ठीक आहे, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत सुमारे ४००० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकांचं डिप्रेशन पूर्ण उतरलं. दुसऱ्या पायरीवर उरलेल्यांपैकी पुन्हा चारातला एखादा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला हे प्रमाण बरंच घसरलं, आणि २०२३ मध्ये काही संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासून सांगितलं की एकूण यश सांगितलं गेलं त्याहून कमीच होतं. म्हणून नवी औषधं हवीतच. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या दोन पायऱ्या नीट चढल्याशिवाय 'जिना मोडका आहे' असं ठरवू नये.

दिरांनी पाठवलेल्या त्या स्प्रेविषयी. ती थाप नाही. केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध, १९६२ मध्ये तयार झालेलं. २००० साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला: शिरेतून कमी मात्रेत केटामाइन दिल्यावर डिप्रेशन काही तासांत हलकं झालं. आठवड्यांची भाषा बोलणाऱ्या शास्त्राला हा धक्काच होता. त्यातूनच एसकेटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका प्रकाराचा, नाकात मारायचा स्प्रे आला आणि मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे खरं यश आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

पण व्हिडिओत जे येत नाही तेही ऐका. हा स्प्रे घरी नेता येत नाही. तो दवाखान्यातच घ्यायचा आणि मग किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं, कारण रक्तदाब चढतो, गुंगी येते, आपण आपल्याच शरीराबाहेर आहोत असं वाटू शकतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू अंतर वाढवत. एका डोसाचा गुण काही दिवसांत ओसरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. मान्यतेआधीच्या अल्प मुदतीच्या सगळ्या चाचण्यांत तो यशस्वी ठरला होता असंही नाही. काही तासांत उठून बसणारा माणूस व्हिडिओत दिसतो. तोच माणूस तिसऱ्या आठवड्यात कसा आहे, हे दिसत नाही.

खाजगी दवाखान्यातलं इंजेक्शन म्हणजे बहुतेक हेच जुनं केटामाइन, शिरेतून दिलेलं. ते देणं गैर नाही, योग्य रुग्णाला त्याचा उपयोग होतो. पण पाटल्या सोनाराच्या दुकानात जाण्याआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ स्वतः हजर असतात का? रक्तदाब बघायला, श्वास सांभाळायला भूलतज्ज्ञ असतात का? किती वेळा द्यावं लागेल, आणि गुण ओसरला की पुढे काय? चालू गोळ्यांचं काय करणार? 'सहा इंजेक्शनांचं पॅकेज' एवढंच उत्तर आलं तर उठून या. यजमानांना रक्तदाबाचा त्रास असेल किंवा दारूचं व्यसन असेल, तर ते आधीच सांगा. मला विचाराल तर आज पाटल्या हलवण्याची वेळ आलेली नाही.

आता सासूबाईंचा उंदीर. त्यांना हसू नका. गरिबांवर न सांगता-सवरता औषधं वापरली गेल्याच्या बातम्या आपल्या देशात येऊन गेल्या आहेत, त्यांची भीती हवेतून आलेली नाही. त्याच अनुभवांतून नियम कडक झाले. २०१९ च्या नव्या नियमांनुसार चाचणीतल्या रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती द्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही द्यावी लागते, आणि कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, बाहेर पडण्याचा हक्क त्याला असतो. बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही. प्रत्येक चाचणीची सरकारी नोंद असते, सीटीआरआय क्रमांक म्हणतात तो. मागा, पुतण्या फोनवर पाच मिनिटांत शोधून देईल. क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नका.

सासूबाईंना आणखी एक सांगता येईल. लेक आज जी गोळी घेतो, ती कुणाच्या तरी लेकाने आधी घेतली होती. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनायझिड नावाचं नवं औषध दिलं. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होवो, पण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली माणसं बोलू-हसू लागली, जास्तीचं जेवण मागू लागली. तिथून डिप्रेशनच्या पहिल्या औषधांपैकी एक सापडलं. उलट बाजूचा धागा तर आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगासमोर मांडला. पुढे सर्पगंधेतून काढलेलं रिसर्पिन जगभर वापरात आलं, तेव्हा काही रुग्ण त्यावर उदास होताना डॉक्टरांना दिसले. एक औषध मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं टिकवतं आणि माणूस खुलतो, दुसरं ती रिकामी करतं आणि माणूस खचतो. या दोन निरीक्षणांवर पुढच्या तीस-चाळीस वर्षांची औषधं उभी राहिली. गोष्ट इतकी सरळ नव्हती हे आता कळलंय, 'सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन' एवढ्यावर आज कुणी जाणता डॉक्टर थांबत नाही. पण सुरुवात झाली ती समोरच्या रुग्णाकडे कुणीतरी लक्ष देऊन पाहिलं म्हणून.

मग नवं औषध काढायला इतका वेळ का लागतो? साखरेला रक्ताची तपासणी आहे, डिप्रेशनला नाही. नवं औषध आधी उंदरावर पारखताना त्याला पाण्यात टाकून तो किती वेळ धडपडतो हे मोजतात आणि त्यावरून माणसाच्या निराशेचा अंदाज बांधतात. माणसांवरच्या चाचणीत मोजमाप प्रश्न विचारूनच होतं, झोप कशी आहे, कामात मन लागतं का, वगैरे. १९६० मध्ये मॅक्स हॅमिल्टन यांनी केलेली १७ प्रश्नांची मोजपट्टी अजून वापरात आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बिनऔषधाची गोळी. डिप्रेशनच्या चाचण्यांत ती घेणाऱ्यांपैकीही साधारण ३५ ते ४० टक्के लोकांचा त्रास निम्म्याने कमी होतो. त्याच्या वर उठून दिसणं भल्याभल्या औषधांना जमत नाही. झुरानोलोन नावाचं औषध बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, पण नेहमीच्या डिप्रेशनसाठी त्याला नकार मिळाला. एटिकाप्रँट नावाच्या औषधाकडून खूप आशा होती, पुरेसा गुण दिसेना म्हणून मार्च २०२५ मध्ये त्याच्या चाचण्या थांबवल्या. 'लवकरच येणार' म्हणून बातमी झालेलं औषध असं वाटेतच संपतं, तेव्हा त्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून 'तोवर थांबा' हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. थांबणं हा उपचार नाही. तुम्ही थांबाल, आजार थांबणार नाही.

त्या ३५-४० टक्क्यांवर मात्र जरा थांबते. खडीसाखरेइतक्या निरुपद्रवी गोळीने माणसांना बरं कसं वाटतं? काहींचा आजार आपोआप ओसरत असतो. पण चाचणीत आणखीही काही घडतं. ठरलेल्या दिवशी कुणीतरी वाट पाहत असतं. तासभर ऐकतं. झोप, जेवण, मन, सगळं विचारतं आणि लिहून घेतं. गोळी चुकली तर फोन येतो. चाचणीत जा किंवा जाऊ नका, हे सगळं तुमच्या ओट्यावरही होऊ शकतं. ठरलेली वेळ, गोळीची वही, रोज त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत एक फेरी, आणि पुतण्याला हिशेबात मदत म्हणून सकाळचा अर्धा तास दुकानात. बरं वाटल्यावर काम सुरू करायचं असं नाही, थोडं काम सुरू केलं की थोडं बरं वाटतं. समुपदेशकांची ही एक सिद्ध झालेली पद्धतच आहे.

चाचणीत भाग घ्यावा का? घेण्यासारखी असू शकते. पण ती उपचार म्हणून घेऊ नका. चाचणीचा पहिला हेतू माहिती मिळवणं हा असतो, तुमच्या यजमानांना बरं करणं हा त्यातून झाला तर होणारा लाभ. हे मनात पक्कं असेल तर पुढची निराशा टळते. डॉक्टरांना विचारा की चालू गोळी ठेवून तिच्या जोडीला नवं औषध देणार, की चालू गोळी बंद करून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोडीला देणार असतील तर बिनऔषधाची गोळी आली तरी ते उपचाराविना राहत नाहीत. बंद करणार असतील, तर आजच्या त्यांच्या अवस्थेत मी फार विचार करीन, आणि 'मी नसतो तर' हे वाक्य चाचणीच्या डॉक्टरांच्या कानावर घालीनच. चाचणीत घ्यावं म्हणून ते लपवण्याचा मोह होईल, लपवू नका. तब्येत बिघडली तर रात्री कुणाला फोन करायचा, चाचणी संपल्यावर औषध मिळेल का, पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार, हेही विचारा. संमतीपत्र घरी आणा. तिथल्या तिथे सही करायची सक्ती कुणी करू शकत नाही.

आमच्या समितीपुढे एकदा असंच संमतीपत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.' समितीतले एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, 'मला कळलं नाही, तर माझ्या बायकोला काय कळणार?' आम्ही ते परत पाठवलं. नवीन मसुद्यात आलं, 'तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. डॉक्टरांनाही ते माहीत नसेल.' तुमच्या कागदात एकही वाक्य असं असेल की जे सासूबाईंना वाचून दाखवल्यावर कळत नाही, तर ते डॉक्टरांकडून सोपं करून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचं पत्र दोनदा वाचलं ती. तुम्ही लिहिता, 'चाचणीत घालू का?' सासूबाई म्हणतात, 'माझ्या लेकाचा...' दीर म्हणतात, 'थांबा.' या सगळ्यात ते स्वतः कुठे आहेत? 'तुम्ही ठरवाल ते' हे त्यांचं उत्तर आजारातून आलंय. डिप्रेशन आधी माणसाची निवड करण्याची ताकद घेतं. ते उत्तर संमती म्हणून धरू नका. चाचणीची संमती त्यांचीच लागते, तुमच्या सहीने ती होत नाही. म्हणून तीन पर्याय एकदम पुढे मांडू नका, त्यांना ते झेपणार नाही. एकच छोटा प्रश्न विचारा, उत्तर यायला वेळ द्या: 'मळमळ नाही झाली तर गोळी पुन्हा नीट घेऊन बघाल का?' मळमळीवर डॉक्टरांकडे उपाय आहेत, डोस हळू वाढवणं, जेवणानंतर देणं, औषध बदलणं.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे दोन महिने असे घालवले असते. मोजलेली पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जायचं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायचं. घराण्यात कुणाला अति उत्साहाचे, न झोपता पैसे उधळण्याचे झटके आले होते का, हे आठवून सांगायचं, कारण तसं असेल तर औषधाची दिशाच बदलते. डोस पुरेसा करून सहा-आठ आठवडे एकही दिवस न चुकवता घ्यायचा. चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. एवढं करूनही उतार पडला नाही तर दुसऱ्या जातीचं औषध, लिथियमसारखी जोड, समुपदेशन, आणि फार तीव्र आजारात शॉक देणं, ज्याचं नाव ऐकून लोक उगाच दचकतात, हे सगळं अजून शिल्लक आहे. चाचणी तेव्हाही असेल, किंवा दुसरी असेल. मात्र ते जेवण-पाणी सोडू लागले किंवा मरणाचं बोलणं वाढलं, तर हे वेळापत्रक गुंडाळून थेट रुग्णालयात न्यायचं.

राहता राहिलात तुम्ही. तीन पानांत स्वतःबद्दल एकच ओळ आहे: 'रात्री ते उठले की मला जाग येते, मग झोप लागत नाही.' सकाळी सातला शाळा असते. न्यू जर्सीच्या दिरांना कळवा की व्हिडिओ पुरे, त्याऐवजी दर शनिवारी आणि रविवारी आपल्या दुपारी भावाला फोन लावा आणि तासभर बोला, तो बोलला नाही तरी फोन चालू ठेवा, लहानपणचं काहीही बोला. त्यांच्याकडे तेव्हा पहाट असेल, उठतील. सासूबाई ओट्यावर जवळ बसतील. तेवढा वेळ तुम्ही आत जाऊन दार लोटून घ्या आणि झोपा.